पाच हजारांची पावती

तारीख १३ एप्रिल २०२४. रात्रीचे साडेदहा. विहाराच्या पायरीवर मी जयंतीचं पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसलेलो. गिरणीत रजा टाकलेली. वर्गणीचं पुस्तक माझ्याकडं, कारण माझं अक्षर बरं आहे. आपल्या वस्तीत ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात पुस्तक पडतंच. वर निळ्या पताका, बल्बच्या माळा, पोरं शिडीवर चढलेली.

तेवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला. बरोबर चार पोरं. सगळ्यांदेखत खिशातनं पाचशेच्या दहा नोटा काढल्या आणि पुस्तकावर ठेवल्या.

"घाल पावती. पाच हजार."

मी घातली. नाव, रक्कम अंकी, रक्कम अक्षरी, तारीख, सही. वरची पावती फाडून त्यांच्या हातात दिली, स्थळप्रत पुस्तकात राहिली. माईकवर नाव पुकारलं गेलं. टाळ्या. कुणीतरी घोषणा दिली.

माझ्या मागच्या पायरीवर माझी भाची बसली होती. सात वर्षांची. तिनं बापाला बघितलं. बापानं तिला बघून न बघितल्यासारखं केलं. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो सेफ्टीपिन लावून धरलेला. कोर्टाच्या हुकमाप्रमाणं त्या पोरीचे महिन्याला पंधराशे रुपये बापाकडनं येणं होतं, आणि चोवीस महिने एक पैसा आला नव्हता. नऊच दिवसांपूर्वी आम्ही थकबाकीचा अर्ज कोर्टात टाकला होता. दाजींना अजून समन्स मिळालं नव्हतं.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पण होतो. हात आपोआप वाजले.

मित्रहो, हे लिहू नको असं मला तीन जणांनी सांगितलं. घरातली घाण बाहेर कशाला, म्हणाले. म्हणूनच लिहितोय. ही घाण एका घरातली नाही.

आधी दाजींबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मेव्हणा आहे, बहिणीची बाजू घेणारच. माझ्या हातात बाबासाहेबांचं पहिलं पुस्तक दाजींनी दिलं. मी नववीत शाळा सोडली, गिरणीत लागायचं वय व्हायच्या आधी हॉटेलात कपबश्या धुतल्या. त्या दिवसांत हा माणूस मला सायकलवर डबलशीट घेऊन माणगावला गेला. १९२० साली मार्चच्या २१ आणि २२ तारखेला तिथं परिषद झाली, शाहू महाराज आले, बाबासाहेबांना आपला पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं, हे मला त्या गावाच्या मातीवर उभं राहून दाजींनी सांगितलं. माझी पहिली कविता त्यांनी वाचली. शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि म्हणाले, "लिहीत जा, तुझ्यात दम आहे." आज मी जो काही चार ओळी लिहितो त्यात ह्या माणसाचा वाटा आहे. हे मी नाकारणार नाही.

आणि ह्याच माणसानं माझ्या बहिणीला मारलं. एकदा नव्हे. २०२० च्या शेवटाला ताई दोन पोरं घेऊन आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आली. कारणं सांगत बसत नाही, मारझोड होती एवढं पुरे. दुसऱ्या आठवड्यापासनं ती मागावर कांड्या भरायला जाऊ लागली.

आईनं दागिन्यातलं उरलंसुरलं मोडून वकील केला. पोटगीचा अर्ज टाकला. तेव्हाचं कलम १२५. आता १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी संहिता गेली, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १४४ झालंय. नंबर बदलला, मजकूर जवळजवळ तोच. ज्याच्याकडं ऐपत आहे आणि तो बायकोला, पोरांना, म्हाताऱ्या आईबापाला पोसत नाही, त्याला कोर्ट महिन्याची रक्कम भरायला लावतं. पोर औरस असो नसो. धर्म कुठलाही असो. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत ह्या कायद्यात पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. तेव्हा काढली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल लागला. ताई स्वतः घर सोडून आली आणि स्वतः कमावते, म्हणून तिचा अर्ज नामंजूर. दोन पोरांना पंधराशे-पंधराशे मंजूर. एका पोराचे दिवसाला पन्नास रुपये.

ताईचा अर्ज फेटाळला त्याच्याविरुद्ध वर जाता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. वर जायला नव्वद दिवसांची मुदत असते हेही माहीत नव्हतं. वकिलानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी मिळकतीचं अ‍ॅफिडेव्हिट भरलं पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं रजनेश विरुद्ध नेहा ह्या निकालात ४ नोव्हेंबर २०२० रोजीच सांगितलंय. ते प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, नागपूरच्या फॅमिली कोर्टातनं वर गेलेलं. आमच्या वेळी ते कुणी भरून घेतलं नाही. आम्ही निकालाचा कागद घेतला, आजोबांच्या ट्रंकेत ठेवला आणि समजलो की जिंकलो.

ट्रंकेबद्दल सांगायला पाहिजे. आजोबा मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो त्यांच्यापुरता कधी संपलाच नाही. गावाकडं आले ते एक पत्र्याची ट्रंक घेऊन. आत सगळे कागद. हजेरीचं तिकीट, फंडाच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या. म्हणायचे, "आपल्या तोंडाच्या शब्दाला किंमत न्हाई. कागद ठेवत जा." मी कागद ठेवतो. ही एक सवय पुढं उपयोगी पडली.

दाजींनी चार महिने पैसे दिले. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२. मग बंद.

ताई म्हणाली, "कोर्टात जाऊ या."

मी म्हणालो, "थांब."

का म्हणालो? मला लाज वाटत होती. चळवळीतला माणूस, चार पोरं त्याच्या शब्दावर मोर्चाला येतात, त्याच्यावर पोलिसाचं वॉरंट कसं काढायचं? समाजात काय म्हणतील? आणि खरं सांगायचं तर ज्या माणसानं माझ्या हातात पुस्तक दिलं त्याच्यासमोर कोर्टात उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी ताईला सांगत राहिलो, "सुधारतील. बोलतो मी." दोनदा बोललो. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला आणि ब्राह्मणी व्यवस्थेवर भाषण दिलं. मी ते ऐकून घरी आलो.

असे चोवीस महिने गेले.

शेवटी ताईच उठली. कांड्या भरणाऱ्या एका बाईनं तिला सांगितलं की कोर्टाच्या आवारात फुकट वकील मिळतो. मला वाटलं अफवा असेल. नव्हती. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय, बाई असेल, पोर असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, तर मिळकत किती हे न बघता मोफत वकील मिळायचा हक्क आहे. ताई बाई आहे, पोरं पोरं आहेत, आणि आम्ही कोण आहोत ते तुम्हाला माहीतच आहे. तिन्ही रकान्यांत आम्ही बसतो आणि एकाचाही पत्ता नव्हता. मोर्चात संविधान हातात धरून चालणारा मी, तालुक्याच्या विधी सेवा समितीची खोली कोर्टाच्या कुठल्या मजल्यावर आहे ते मला माहीत नव्हतं.

वकीलबाई चाळिशीच्या. कागद चाळले आणि विचारलं, "दोन वर्षं काय करत होता?"

मी गप्प.

त्यांनी कलम वाचून दाखवलं. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट पाहिजे असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायला लागतो. महिन्याचे तीन हजार, चोवीस महिन्यांचे बहात्तर हजार. त्यातले शेवटच्या बारा महिन्यांचे छत्तीस हजार ह्या रस्त्यानं वसूल होतील. आधीचे छत्तीस हजार ह्या रस्त्यानं नाही. पुनगोडी विरुद्ध थंगवेल ह्या २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की वर्षाच्या अटीनं हक्क मरत नाही, वसुलीचा हा एक मार्ग तेवढा बंद होतो. म्हणजे दुसरा दावा, दुसऱ्या तारखा, दुसरी चक्करं.

छत्तीस हजार रुपये. माझ्या एका शब्दाची किंमत. "थांब."

ताई तिथं काही बोलली नाही. बाहेर येऊन नळावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता तरी थांबायचं न्हाई."

४ एप्रिल २०२४ ला अर्ज पडला. १३ तारखेला ती पावती. आणि जुलैच्या तारखेला दाजींचं लेखी म्हणणं आलं. सामनेवाला गेली दोन वर्षं बेकार असून त्याला कोणतंही उत्पन्न नाही, सबब तो रक्कम भरण्यास असमर्थ आहे. खाली सही. सही मी ओळखतो. माझ्या कवितेच्या वहीत त्याच हातानं केलेल्या दुरुस्त्या आहेत.

कायदा म्हणतो, पुरेशा कारणाशिवाय हुकूम मोडला तर वॉरंट. बेकारी खरी असली तर ते कारण होऊ शकतं. वकीलबाई म्हणाल्या, "त्याची कमाई आहे असं दाखवणारं काही आहे का? एखादा कागद?"

माझ्याकडं होता. ट्रंकेत. जयंतीच्या पुस्तकाची स्थळप्रत, माझ्याच अक्षरातली.

ती रात्र मी तिसऱ्या पाळीत काढली. मी रिंगफ्रेमवर साईडर आहे. तुटलेला धागा सांधत जायचं, एवढंच काम. हात चालतात, डोकं मोकळं असतं. रात्रभर एकच विचार. बाबासाहेबांच्या जयंतीची पावती कोर्टात पुरावा म्हणून लावायची? जयंतीला दिलेल्या पैशाची चौकशी करायची? उद्या सवर्ण वकील, सवर्ण कारकून तो कागद हाताळणार, हसणार. म्हणणार, बघा ह्यांचं. दुसरीकडं ती सेफ्टीपिन. पहाटे पाचला ठरलं. हसणाऱ्यांना हसू दे. जयंतीचे पाच हजार पोरांच्या ताटातनं उचललेले असतील तर ते बाबासाहेबांना घालायचा हार होऊ शकत नाहीत.

पावती लावली.

आठ दिवसांत विहारात बैठक लागली. मी मध्ये, बाकीचे भिंतीला टेकून. एक म्हातारे मामा, ज्यांना मी लहानपणापासनं मान देत आलो, म्हणाले, "आरं, आपल्या पोराला आपूनच आत घालायचं व्हय? बाहेर आपले दुश्मन कमी हाईत?"

दुसरा म्हणाला, "हा घरगुती मामला आहे. समाजाचं पुस्तक घरगुती मामल्यात वापरलंस."

मी म्हणालो, "मामा, १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात बायकांचा छळ थांबवायला कायदा केला. तो घरगुती मामला नव्हता का? २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल किती मोठं होतं ते आपण दर वर्षी भाषणात सांगतो. त्या बिलात काय होतं? लग्न, काडीमोड, वारसा, दत्तक, पोटगी. सगळं घरगुतीच. त्याचे तुकडे करून पुढं कायदे झाले, त्यातल्या १९५६ च्या दत्तक आणि पोटगीच्या कायद्यात पोरांना पोसायची जबाबदारी लिहिलीय, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. ज्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली त्यासाठी आपण एक स्थळप्रत सोडायची नाही?"

कुणी उत्तर दिलं नाही. पुस्तक माझ्याकडनं काढून घेतलं. एकमतानं. बैठकीत बाई एकही नव्हती. ते मला घरी आल्यावर ताईनं विचारलं तेव्हा सुचलं.

मग ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तारखा. वसुलीचं वॉरंट निघालं, पोलिसाचा रिपोर्ट आला की जप्त करण्याजोगं काही आढळलं नाही. दाजींची मोटारसायकल दारात उभी असते हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये एक महिन्याची कैद झाली. पैसे भरले असते तर त्याच दिवशी सुटले असते. कायद्यातच तसं आहे. भरले नाहीत. महिना काढला.

सुटले त्या दिवशी चार पोरांनी स्टँडवर हार घातला. आंदोलनात आत गेलेल्या माणसाला घालतात तसा. दाजींनी मूठ वर केली म्हणे.

आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाचा हुकूम. सामनेवाला याने एक महिन्याची शिक्षा भोगली असल्याने अर्ज निकाली काढण्यात येतो.

निकाली. छत्तीस हजार, एका महिन्याच्या जेलात, निकाली. दाजींनी निरोप धाडला, "हिशेब फिटला. आता परत दारात येऊ नका."

मला वाटलं संपलं. मी दमलो होतो. कोर्टाच्या दिवशी खाडा, खाड्याचा पगार कापला जातो, वर जॉबरच्या शिव्या. मी ताईला म्हणालो, "जेलात तर गेला. झाली की शिक्षा."

ताई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याला आत घालून माझ्या पोरांचं पोट भरलं का? मला त्याचा महिना नको हुता. महिन्याचं पैसं पायजेत."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या आणि एका निकालाचं नाव कागदावर लिहून दिलं. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग, सुप्रीम कोर्ट, १९८९ च्या रिपोर्टात छापलेला. म्हणाल्या, "वाच. मोबाइलवर मिळेल."

मी इंग्रजी शिकलो ते पोत्यांवरची अक्षरं आणि मशिनवरच्या पाट्या वाचून. पाच रात्री लागल्या. जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या मागं, एका हातात भाकरी. एक एक शब्द डिक्शनरीत. तिसऱ्या रात्री अर्थ लागला आणि अंगावर काटा आला. कोर्ट म्हणतं, जेलमध्ये घालणं हा पैसे काढायचा एक दाब आहे. तो पैसे फेडल्याचा पुरावा नाही. देणं फिटतं ते पैसे दिल्यावरच. जेल भोगली म्हणून एक रुपया माफ होत नाही.

ताईनं पिठाच्या हातानं हेच सांगितलं होतं.

म्हणजे आमच्या हातातला हुकूम चुकीचा होता. कोर्टाचा हुकूम चुकीचा असू शकतो, हे मला लहानपणापासनं घोषणांत माहीत होतं. एका विशिष्ट हुकमाच्या विशिष्ट ओळीवर बोट ठेवून, ही ओळ ह्या कारणानं चूक, असं म्हणता येतं हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. घोषणा द्यायला आवाज लागतो. ह्याला नक्कल लागते.

तर ते कसं करतात ते लिहितो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी बहिणीला हे लागणार आहे. आधी हुकमाच्या नकलेचा अर्ज. शिक्क्याची नक्कल, झेरॉक्स चालत नाही. मग मॅजिस्ट्रेटच्या हुकमाविरुद्ध सत्र न्यायालयात रिव्हिजन. मुदत नव्वद दिवस, त्यात नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस धरत नाहीत. हुकूम फॅमिली कोर्टाचा असेल तर रिव्हिजन सत्र न्यायालयात नाही, हायकोर्टात. रिव्हिजनमध्ये साक्षीदार पुन्हा उभे करत नाहीत. खालच्या कोर्टानं कायद्यात किंवा रीतीत कुठं चूक केली तेवढंच बघतात. म्हणून रडगाणं उपयोगाचं नाही, मुद्दा लागतो. आमचे मुद्दे दोन. एक, कैद म्हणजे फेड नव्हे. दोन, वसुलीचा खरा प्रयत्न झालाच नाही, मोटारसायकल दारात असताना मालमत्ता नाही असा रिपोर्ट कसा?

मार्च २०२५ मध्ये मुदतीच्या आत रिव्हिजन दाखल झाली. कागदावर ताई अर्जदार नंबर एक, भाचा नंबर दोन, भाची नंबर तीन. भाचीनं तो कागद बघितला. तिला वाचता येतं आता. म्हणाली, "मामा, मी नंबर तीन का? पहिला नंबर का न्हाई?" मी म्हणालो, "शाळेत काढ पहिला नंबर."

तारखा परत सुरू. मी तुम्हाला तारखांची यादी देत नाही. एवढंच सांगतो की एका तारखेला पोरगं इयत्ता पाचवीत असतं आणि पुढच्या तारखेला सहावीत. पोर अठराचं झालं की ह्या कलमातली साधी पोटगी थांबते. टाळणाऱ्याला कोर्टात जिंकायची गरजच नसते, नुसतं ढकलत राहायचं. म्हणून अर्ज लवकर, आणि दर तारखेला हजर.

दाजींच्या वकिलानं सांगितलं, एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा नको. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, आम्ही शिक्षा मागतच नाही. आम्ही पैसे मागतोय.

नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल. खालचा हुकूम रद्द. कैद भोगल्यानं देणं संपत नाही, छत्तीस हजार येणंच आहेत, वसुली दंडाच्या वसुलीसारखी करावी. म्हणजे जंगम मालमत्ता जप्त करून, नाहीतर कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. आधीच्या छत्तीस हजारांना ह्या अर्जात हात लावता येत नाही, असंही त्यातच.

अर्धं जिंकलो. अर्धं माझ्या "थांब"नं आधीच हरलं होतं.

त्या रात्री मी ताईला म्हणालो, "ते आधीचे छत्तीस हजार मी देतो. महिन्याला हजार. माझ्यामुळं गेले."

ताईनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुझं कशाला? तू मामा हाईस, तू देतोस ती माया. त्यानं द्यायचं ते देणं हाय. एकाच्या जागी दुसरं घालू नको. पोरांना कळाय पायजे कुणाकडं काय येणं हाय ते."

मी गप्प बसलो. बाबासाहेबांची पुस्तकं वाचून मला जे सांगता आलं नसतं ते ही चौथी शिकलेली बाई सांगत होती.

नव्या वॉरंटवर मोटारसायकल पोलिसांनी उचलली. तिसऱ्या दिवशी दाजींनी वीस हजार भरले. बेकार माणसानं, तीन दिवसांत. उरलेल्या सोळा हजारांची तारीख पुढं आहे. त्यानंतरच्या महिन्यांचा नवा अर्जही पडलाय, ह्या वेळी वर्ष उलटायच्या आत. आधीच्या छत्तीस हजारांसाठी वेगळा दावा करायचा का ते ताई ठरवतेय. मी "थांब" म्हणणार नाही, "कर" असंही म्हणणार नाही. तिनं ठरवायचं.

पैसे मिळाले त्या दिवशी ताईनं मला बाजारातनं एक पावतीपुस्तक आणायला लावलं. कार्बनचं, पंचवीस रुपयांचं. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिही." मी लिहिलं. अर्जदार नंबर दोन आणि तीन यांच्या पोटगीच्या थकबाकीपैकी रुपये वीस हजार, अक्षरी वीस हजार फक्त. खाली ताईची सही. भाचीनं हट्ट करून आपलं नाव पण घातलं. स्थळप्रत ट्रंकेत आहे, आजोबांच्या हजेरीच्या तिकिटाशेजारी.

दाजी अजून भाषणं करतात. चांगली करतात. परवा रस्त्यात भेटले. मी जयभीम घातला. त्यांनी घेतला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुस्तक त्यांनीच हातात दिलं होतं. वाचलं तसं वागलो.

दोस्तहो, आता तुम्हाला एक मागणं. जयंतीच्या कमिट्या तुमच्या हातात आहेत. पुढच्या वर्षी पावतीपुस्तक उघडाल तेव्हा वर्गणी देणाऱ्याला एक विचारा. घरचं देणं दिलंस का? कोर्टाचा हुकूम आहे आणि थकवलाय असं कळलं तर त्याचे पैसे घेऊ नका. म्हणा, आधी तिकडची पावती आण, मग इकडची फाडतो. चार लोक रागावतील. डीजेचा एक बॉक्स कमी लागेल. लागू दे.

आणि बैठकीला बायकांना बोलवा. चहा करायला नव्हे.

जयभीम.